चौदा ऑक्टोबरचा सामना

विंडसर, ३ सप्टेंबर २०२४

चि. धम्मप्रियास,
बबनमामाचा सप्रेम जयभीम.

फोन न करता मेल लिहितोय म्हणून रागावू नकोस. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, इतकी वर्षं काढल्यावर माझा डावा कान फक्त चष्मा अडकवायला उरला आहे. फोनवर तू एक बोलतेस, मी भलतंच ऐकतो आणि तुझी मामी मधे पडून तिसरंच सांगते. लिहिलेलं कसं, नीट ऐकू येतं.

तर आनंदाची बातमी. काल लेबर डेच्या सुट्टीत कॅलेंडर चाळत होतो. यंदा चौदा ऑक्टोबर सोमवारी येतोय, आणि तोच थँक्सगिव्हिंगचा सोमवार! म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अख्ख्या कॅनडाला सुट्टी. मागे २०१९ला असं झालं होतं, तेव्हा लोक दारात उभे होते. एरवी काय होतं ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी चौदा तारीख शनिवारी आली, तरी अकरा टाळकी. बाकीच्यांनी सांगितलं, मागच्याच वीकेंडला टर्कीचं जेवण झालं, लागोपाठ दोन वीकेंड कसं जमणार.

आणि यंदा लोक यायलाच हवेत. आपल्या बोधी मित्र मंडळाचा सेक्रेटरी राकेश (तुमच्या वॉटर्लूतच सॉफ्टवेअरमध्ये आहे) याने ठराव मांडला आणि तो पासही झाला. साठ खुर्च्यांपैकी निम्म्या भरल्या नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून आपला चौदा तारखेचा कार्यक्रम बंद. टोरांटोवाल्यांबरोबर दसऱ्याच्या वीकेंडला जायचं. छप्पन्न साली दसरा चौदा ऑक्टोबरला आला होता, म्हणून काही जण दसरा धरतात, काही तारीख. धरोत बापडे. पण माझा बाप नागपूरच्या त्या मैदानावर चौदा ऑक्टोबरला उभा होता, तो पंचांग बघून गेला नव्हता. माझ्या हयातीत ही तारीख बंद पडली, तर मी त्याला काय तोंड दाखवू?

कार्यक्रम तुमच्याकडेच ठेवलाय, कारण तरुण मंडळी तिथे. सभागृह बुक केलं. बावीस प्रतिज्ञा तू वाचायच्या. नागपुरात दरवर्षी तुझी आई, आमची कांताबाई, वाचते, इथे तू.

ता. क. फुटबॉलमध्ये आमच्या विंडसरच्या निळ्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, यंदा बरा दिसतोय. तुमच्या कॉलेजच्या केशऱ्यांनी आत्तापासून रडायला सुरुवात करावी.

तुझा,
बबनमामा


वॉटर्लू, ८ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुम्ही मंडळाचं कॅलेंडर बघितलंत, फुटबॉलचं बघितलं नाहीत असं दिसतंय. बसला आहात ना? मामीला पाणी आणायला सांगा.

निळे विरुद्ध केशरी, यंदाचा सामना: सोमवार, १४ ऑक्टोबर, दुपारी एक. आमच्या मैदानावर. तुमचं सभागृह त्याच मैदानाच्या समोर आहे, मधे फक्त रस्ता.

मी काल इथल्या आपल्या मुलांना चाचपून पाहिलं. सगळे फार आदराने बोलले. "मामांना सांग, टिकिट्स ऑलरेडी घेतलीत. नेक्स्ट इयर शुअर." शंतनु तर म्हणाला, सामना संपल्यावर येतो, तोवर खीर ठेवा.

आता सामन्याबद्दल. रडण्याचं काम तुमच्याकडेच राहील. आमची बचावफळी गेल्या वर्षीचीच आहे, एकही जण पास होऊन गेलेला नाही, ही आमच्या कॉलेजची खासियत. तुमचा क्वार्टरबॅक बरा असेल, पण त्याच्या पुढे उभी राहणारी पोरं माझ्याएवढी आहेत. माझा अंदाज: केशरी २७, निळे १०.

आणि मला केशरी स्वेटरवरून टोमणे मारणं आता बंद करा. रंगाचा एवढा राग असेल, तर भन्तेजींना फ्रेंच मुलखातल्या ब्रॉसार्डहून बोलावताना केशरी चीवर बदलून या म्हणून कळवणार आहात का?

प्रतिज्ञा वाचायला मला आवडलं असतं, पण त्या दिवशी एक ग्रुप प्रोजेक्ट आहे. बघते.

तुमची,
धम्मप्रिया


विंडसर, १५ सप्टेंबर २०२४

चि. धम्मप्रियास,
जयभीम.

तुझा मेल वाचून मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. मामी बाहेरून म्हणाली, "आता कोणाचा सामना पाहाल? निळ्यांचा की राकेशचा?" तिला प्रत्येक गोष्ट पाच-सात शब्दांत मांडायची वाईट खोड आहे.

तुला खोटं वाटेल, पण तारीख मी खरंच पाहिली नव्हती. तिकीट मात्र जुलैतच घेतलं होतं. त्यावर फक्त 'थँक्सगिव्हिंग क्लासिक' लिहिलेलं. म्हणजे गेले दोन महिने मी दोन्ही गोष्टींची वाट पाहत होतो आणि दोन्ही एकाच दुपारी येणार होत्या.

मी निळ्यांचा कसा झालो ते तू हसत हसत सगळ्यांना सांगतेस, म्हणून एकदा नीट ऐक. इथे येऊन महिना झाला होता. ऑक्टोबर. एकटाच खोलीवर. खिडकीतून पाहतो तर रस्त्याने शेकडो माणसं चाललीत, हातात निळे झेंडे, गळ्यात निळे पट्टे. मला वाटलं, इथेही आपली मिरवणूक! पांढरा शर्ट घालून धावत गेलो, एका म्हाताऱ्याला जोरात जयभीम घातला. त्यानेही हात वर करून काहीतरी आरोळी ठोकली. चूक कळली तोवर मी स्टेडियममध्ये बसलो होतो आणि कोणीतरी माझ्या हातात झेंडा दिला होता. महिन्याभरात मला पहिल्यांदाच कोणी शेजारी बसवून घेतलं. हसायचं तर हस.

तो म्हातारा म्हणजे ग्लेन. तेव्हा तो म्हातारा नव्हता, मला वाटला होता. टायरच्या दुकानातून रिटायर झालाय. आजही आमच्या सीटा शेजारी असतात. मला 'बॉब' म्हणतो. केशऱ्यांशी सामना असला की एकच मोज्यांची जोडी घालतो, न धुता. शेजारी मी बसतो, म्हणजे माझी निष्ठा किती ते बघ.

तुझ्या अंदाजाला उत्तर. अमेरिकेतल्या फुटबॉलसारखे आपल्याकडे चेंडू पुढे न्यायला चार प्रयत्न नसतात, तीनच. दोन फुकट गेले की तिसऱ्याला किक मारून मोकळं व्हावं लागतं. म्हणून कॅनडात सामना पाय जिंकतो, हात नाही. आमचा किकर शिस्तीचा आहे. निळे २४, केशरी १७.

कार्यक्रम सकाळी दहाला ठेवतो, साडेबाराला आटोपेल. सभागृह मी तिथे पार्किंगसाठी घेतलं होतं, दुसरं काही मनात नव्हतं.

बबनमामा


वॉटर्लू, २९ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
जयभीम.

पार्किंगचं मी मान्य करते. साडेबाराला कार्यक्रम संपून एकला सामना सुरू होतो हाही योगायोग मान्य करते. तुम्ही इतकी वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहात, असे योगायोग तुमच्या हातून आपोआपच घडत असणार.

पण राकेशदादांचा निरोप तुम्हाला मिळाला का? भन्तेजींची ट्रेन बाराच्या आधी पोचत नाही. आदल्या दिवसाच्या गाड्या सुट्टीमुळे भरल्यात. म्हणजे कार्यक्रम एकलाच सुरू होणार. राकेशदादा मला म्हणाले, "मामांना ऑप्शन दिला होता, शनिवारी टोरांटोला चला, दसरा आहे, नो कॉन्फ्लिक्ट. पण ही इज व्हेरी इमोशनल अबाउट द डेट." असं म्हणताना ते फारसे दुःखी दिसले नाहीत.

मामा, मला प्रतिज्ञा वाचायला जमणार नाही. प्रोजेक्टचं काम एकलाच आहे. खूप वाईट वाटतंय. आपल्या मंडळातल्या ऊर्मीला विचारून बघा, ती छान वाचते.

सामन्याचं म्हणाल तर हवामान बघा. त्या दिवशी पश्चिमेचा वारा सांगितलाय आणि आमचं मैदान पूर्व-पश्चिम आहे. तुमच्या शिस्तीच्या किकरला वारा तोंडावर घेऊन मारू द्या म्हणजे शिस्त कळेल. माझा आकडा बदलत नाही.

धम्मप्रिया


विंडसर, ६ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मप्रियास,
जयभीम.

तुझं प्रोजेक्ट सुट्टीच्या दिवशी दुपारी एकलाच कसं असतं, ते मी विचारत नाही. तू सामना बघायला जाणार हे मला कळतं. तुझ्या वयात मीही गेलो असतो. तुझ्या मामाच्या वयातही गेलो असतो, एवढंच म्हणतो.

माझं तिकीट ग्लेनच्या नातवाला दिलं. ग्लेनने विचारलं, "बॉब, आर यू सिक?" म्हटलं, नाही, आमचा एक मोठा दिवस आहे. तो म्हणाला, याच्याहून मोठा? खरं सांगायचं तर मी विषय बदलून किकरचं बोलायला लागलो, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

माझा बाप फारसं बोलायचा नाही. त्या दिवसाबद्दल एकच सांगायचा, की मैदानावर सगळ्यांबरोबर उभा राहिलो आणि खाली बसलो तेव्हा दुसरा माणूस होतो. तो दिवस इथे साजरा करायला मी दरवर्षी रजा टाकतो. सुपरवायझर विचारतो, कुठे फिरायला? आता खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर राकेश एक स्लाइड दाखवेल आणि संपलं. मला भीती वाटते ग, दुसरं काही नाही.

वाऱ्याचा मुद्दा तू बरोबर काढलास. पण आपल्याकडे दर क्वार्टरला बाजू बदलतात. चौथ्या क्वार्टरला वारा कोणाच्या पाठीशी, ते बघून मग हस. निळे २४, केशरी १७. मीही बदलत नाही.

बबनमामा


वॉटर्लू, १६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामा,
जयभीम.

दोन दिवस लिहायचं धाडस झालं नाही. सभागृहात तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, म्हणून जास्तच लाज वाटली. प्रोजेक्ट नव्हतं. मी गेल्या वर्षीपासून केशऱ्यांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. जयंतीच्या मिरवणुकीत बिगुल वाजवायची तेच तोंड, तेच फुप्फुस. पण केशरी युनिफॉर्म, पितळी बटणं, डोक्यावर तुरा. तुम्हाला फोटो पाठवायची हिंमत नव्हती.

मैदानावर काय झालं ते सांगते. हाफटाइमला आम्ही एकोणीस, तुम्ही तीन. आकाश काळं झालं, वीज चमकली आणि स्पीकरवर घोषणा: सगळ्यांनी छताखाली जा, वीज थांबेपर्यंत खेळ बंद. जवळचं छप्पर म्हणजे तुमचं. रस्ता ओलांडून सगळा लोंढा धावत सुटला, निळे, केशरी, बँड, सगळे. माझ्या पुढे ढोलवाला होता. तो दारात अडकला, मागून धक्का आला आणि आम्ही दोघं ढोलासकट आत.

आत तुम्ही नऊ जण होतात. पांढरे कपडे, समोर मेणबत्त्या. भन्तेजी उठून उभे राहिले आणि आमच्या पोरांनी त्यांचं चीवर बघून एकच गजर केला. त्यांना वाटलं, हा आमचा सर्वांत कट्टर फॅन. भन्तेजी हसून "बाँजूर, बाँजूर" म्हणत राहिले. मग तुम्ही माझ्याकडे आलात. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तुम्ही माझ्या तुऱ्यावरून पाणी निथळताना बघितलंत, कागद पुढे केलात आणि म्हणालात, "वाच. ऊर्मी आलीच नाही."

मामा, मी याआधी कधी एवढ्या लोकांसमोर मराठी बोलले नव्हते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण सगळे टोप्या काढून उभे राहिले. बाविसावी वाचताना तुमचा रुमाल मी बघितला.

नंतर काय झालं ते सगळ्या ओंटारिओला माहीत आहे. एकोणीस-एकोणीस. शेवटचं मिनिट. तुमच्या शिस्तीच्या किकरने गोलखांबांमधून मारायचा चेंडू बाजूने मारला, तो आमच्या मागच्या रेषेपार गेला आणि नियमाप्रमाणे तुम्हाला एक गुण. वीस-एकोणीस. नेम चुकवून जिंकणारा संघ मी पहिल्यांदा बघितला.

पण तुमची चौदा तारीख वाचली! राकेशदादांनीच फोटो काढला, लोक भिंतीला टेकून उभे आहेत. आता ठराव गेला केराच्या टोपलीत. तुम्ही मला माफ केलं असं लिहा.

धम्मप्रिया


विंडसर, २१ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मप्रियास,
जयभीम.

माफ कसलं करायचं? बिगुल उत्तम वाजवतेस. युनिफॉर्मबद्दल माझं मत मी भन्तेजींच्या मानाखातर राखून ठेवतो.

पण फोटो मी राकेशला वापरू दिला नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये तो मोठ्या मनाने म्हणाला, "मामा, हॉल फुल होता, वुई कॅन काउंट इट." मी सांगितलं, ती माणसं पावसाला आली होती. आपली नऊ. मामी माझ्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर जेवण मिळणार नाही असं वाटलं. आयुष्यभर मी खराब पार्ट बाजूला काढत आलो, माझ्या स्वतःच्या खात्यात तो पास कसा करू?

खरी गंमत पुढे आहे. ग्लेनचा मेल आला. निळ्यांच्या फॅन क्लबने एकमताने ठरवलंय की ही किमया त्या प्रार्थनेची. सोळा गुणांनी मागे असलेला संघ आशीर्वाद घेऊन गेला आणि जिंकला. तेव्हा दरवर्षी केशऱ्यांच्या सामन्याआधी त्यांना तो विधी हवाय. "बॉब, सेम प्रेयर नेक्स्ट इयर!" म्हणे दोन बस भरून आणतील, तारीख आम्ही सांगू ती.

राकेशने मेल वाचला आणि खुर्चीतून उठलाच. दोन बस म्हणजे त्याच्या साठ खुर्च्या दोनदा भरतात. म्हणाला, "मामा, जस्ट से येस." मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला. हो म्हटलं असतं, तर माझ्या बापाची तारीख वाचली असती. आणि त्या तारखेला मी काय करत असतो? चेंडू खांबांमधून जावा म्हणून नवसाची पूजा. ज्या दिवशी माझ्या बापाने नवस, दैव, चमत्कार सगळं सोडलं, त्याच दिवशी.

ग्लेनला लिहिलं. तिसऱ्या क्वार्टरला वादळापाठोपाठ वारा फिरला, चौथ्यात पाठीशी आला. सहा-सहा गुणांचे दोन्ही टचडाउन वाऱ्याच्या बाजूने झाले आणि शेवटचा चेंडू तर वाऱ्यानेच मागच्या रेषेपार नेला. आमचा धम्म सामने जिंकून देत नाही, हरवतही नाही. मोजे धू, असंही लिहिलं.

त्याचं उत्तर नाही. कमिटीने ठराव कायम केला. चौदा तारीख बंद.

मामी म्हणते, "तत्त्वाला कवटाळून बसा आता." बसलोय.

बबनमामा


ब्रॉसार्ड, ९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

को-ऑपची, म्हणजे शिकता शिकता करायची, नोकरी इथे लागल्यापासून तुम्हाला धड लिहिलं नाही. ऑफिसात सगळे फ्रेंच बोलतात, मी मान हलवते. परवा शनिवारी सामना तुमच्या मैदानावर आहे. मी बँडमध्ये नाही, तरी आम्हीच जिंकणार. यंदा तुमच्याकडे बचावफळी नावापुरतीच आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. केशरी ३०, निळे १०. वारा कुठूनही येऊ दे.

मंगळवारी चौदा तारीख आहे. मंडळाचा कार्यक्रम तर टोरांटोला दसऱ्याला होऊन गेला. तुम्ही तिकडे गेलात का? आई फोनवर म्हणाली, बबन फार गप्प असतो. मला रजा मिळत नाही, नाहीतर आले असते. त्या दिवशी काय करणार आहात?

धम्मप्रिया


विंडसर, १५ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मप्रियास,
जयभीम.

प्रथम पराभव मान्य करतो. केशरी एकतीस, निळे नऊ. तुझा अंदाज माझ्यापेक्षा बरा निघाला. आमच्या किकरने यंदाही नेम चुकवला, पण या वेळी त्याचा काही उपयोग झाला नाही. ग्लेनची सीट रिकामी होती. मला वाटलं, गेल्या वर्षीच्या मेलवरून अजून रागावलाय.

टोरांटोला गेलो होतो. चांगला कार्यक्रम झाला, तीनशे माणसं, उत्तम जेवण. मी टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो.

काल नेहमीप्रमाणे रजा टाकली. बेसमेंटमध्ये एक टेबल, पांढरं कापड, दोन फोटो. मामी म्हणाली, "कोण येणार आहे म्हणून एवढी खीर?" म्हटलं, करायची असते.

अकराला बेल वाजली. दारात ग्लेन. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, हातात भोपळ्याचा 'पाय', म्हणजे इथला गोड केकच. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन आला. जिना उतरायला त्याला वेळ लागला.

मी स्पष्टच विचारलं, पुढच्या वर्षीच्या लकसाठी आलास का?

"लक?" तो म्हणाला. "बॉब, वुई लॉस्ट बाय ट्वेंटी-टू. अँड आय वोअर द सॉक्स." मग खुर्चीत बसत म्हणाला, वाऱ्याचं तू लिहिलेलं तेव्हा मला पटलं नव्हतं, शनिवारी टीव्हीवर बघताना पटलं. सामना जिंकायला नाही, तर मग हे असतं कशासाठी, तेवढं विचारायला आलोय.

एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सुपरवायझरने नाही, राकेशने नाही. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायला लागलो, बापापासून सुरुवात केली. मामी स्वयंपाकघरातलं काम सोडून खाली येऊन बसली. माझ्या बापाबद्दल तिलाही काही गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. शेवटी ग्लेन एवढंच म्हणाला, की तू त्या दिवशी माझ्यामागे स्टेडियममध्ये आलास, तेव्हा तू याच्यासाठी निघाला होतास होय. मग उठून उभा राहिला. गुडघा दुखत होता तरी, मी बावीसच्या बावीस वाचेपर्यंत.

संध्याकाळी राकेशला मेसेज टाकला. कार्यक्रम अधिकृत नाही, तरी कळवायची माझी सवय. लिहिलं: चौदा ऑक्टोबर, उपस्थिती तीन.

त्याने लगेच विचारलं, तो फुटबॉलवाला धरून?

लिहिलं, त्याला धरून.

तुझा,
बबनमामा